गाळलेल्या जागा

"निळा लिटमस कागद ज्यात बुडवल्यावर लाल होतो, तो पदार्थ म्हणजे ________."

२०२० च्या जूनमध्ये मी बनवलेल्या पहिल्या ऑनलाइन चाचणीतलं हे पहिलं वाक्य. शाळा मार्चपासून बंद होती. आधीच्या दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला होता आणि नवी दहावी वर्गाचं तोंड न बघताच सुरू झाली होती. मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवते. फळा नाही, परीक्षानळी नाही, समोर मुलं नाहीत. हातात होता एक फोन आणि फॉर्म बनवायचं एक फुकट साधन. प्रश्न टाइप करायचा, त्याचं बरोबर उत्तर आधीच भरून ठेवायचं आणि लिंक ग्रुपवर टाकायची. मुलांनी उत्तर लिहिलं की गुण आपोआप पडतात. मी बरोबर उत्तराच्या चौकटीत 'आम्ल' भरलं आणि झोपले.

सकाळी एका मुलीचा फोन आला.

"मॅडम, लिंबाच्या रसात लाल होत नाही का?"

"होतो की गं."

"मग मला शून्य का पडलं?"

नववीत आम्ही तो प्रयोग केला होता. तिने स्वतःच्या हाताने पट्टी लिंबाच्या रसात बुडवली होती आणि ती वाळवून वहीत चिकटवून ठेवली होती. मी विचारलं होतं 'पदार्थ म्हणजे', आणि तिने पदार्थ लिहिला होता. वाक्य माझंच ढिलं होतं. वर्गात कागदावर ही चाचणी घेतली असती, तर लाल पेनाने मी तिला पूर्ण गुण देऊन पुढे गेले असते आणि वाक्य ढिलं आहे हे मला कधी कळलंच नसतं. बारा वर्षं मी हेच वाक्य फळ्यावर लिहीत आले होते. किती 'लिंबाचा रस' आणि किती 'चिंचेचं पाणी' मी सांभाळून घेतलं असेल, कोण जाणे. फोनमधलं यंत्र सांभाळून घेत नाही. त्या दिवसापासून मी गाळलेल्या जागांकडे नीट बघायला लागले.

पुस्तकातलं वाक्य घ्यायचं आणि त्यातला एक शब्द पुसायचा, एवढंच ते काम असं मलाही वाटायचं. पण कोणता शब्द पुसायचा? हे वाक्य बघा: मॅग्नेशिअमची फीत हवेत जाळली की मॅग्नेशिअम ऑक्साइडची पांढरी पूड मिळते. यातला 'फीत' पुसला तर पाठांतर तपासलं जातं आणि त्यातून कुणाच्याच हाती काही लागत नाही. 'पांढरी' पुसला तर ज्याने प्रयोग बघितला तो लिहू शकतो, म्हणजे डोळ्यांची परीक्षा झाली. 'ऑक्साइड' पुसला की मूल क्षणभर थांबतं. जळताना या धातूला हवेतून काय येऊन मिळालं, हे त्याला स्वतःला विचारावं लागतं. तिघांची गुणपत्रिकेतली किंमत एक गुणच, पण मुलाच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी घडतात.

पुढे मी त्याच प्रयोगावर आणखी एक जागा बनवली, आणि आजवर बनवलेल्या सगळ्यांत मला ती सर्वांत मोलाची वाटते. "फितीचं वजन आणि ती पूर्ण जळल्यावर मिळालेल्या पुडीचं वजन यांत पुडीचं वजन ________ भरतं." बरोबर उत्तर 'जास्त'. २४ ग्रॅम मॅग्नेशिअमला १६ ग्रॅम ऑक्सिजन येऊन मिळतो आणि पूड ४० ग्रॅम होते. गणित मुलांना येत होतं. तरीही त्या वर्षी वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी 'कमी' लिहिलं.

मी एकेकाला फोन करून विचारलं. उत्तर एकच होतं: जळलं की कमीच होणार ना मॅडम? चुलीत मोळीभर तुराट्या जातात आणि सकाळी सुपाएवढी राख निघते. मुलांनी जन्मापासून बघितलेलं ज्वलन हेच. त्यात निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ कुणाला दिसत नाही. म्हणजे 'कमी' लिहिणाऱ्या मुलाने अभ्यास केला नव्हता असं नाही. त्याच्या घरची चूल माझ्या पाठापेक्षा जास्त खरी होती, एवढंच. मग पुढचा तास मी चुलीवर घेतला. तुराट्या बंद भांड्यात जाळल्या आणि धूर, वाफ, राख सगळं धरून ठेवता आलं तर वजन किती भरेल, इथपासून. चार पर्यायांतून एक निवडायचा प्रश्न असता तर निम्म्यांनी अंदाजाने 'जास्त'वर बोट ठेवलं असतं आणि ही चूल माझ्यापर्यंत पोचलीच नसती.

मराठीत जागा गाळायची तर आणखी एक अडचण असते, आणि ती रसायनाची नसून व्याकरणाची आहे. "________ हा धातू द्रवरूप असतो." इथे 'धातू' शब्दामुळे 'हा' बसतो, ठीक आहे. पण घाईत मी एकदा नुसतं "थर्मामीटरमध्ये वापरला जाणारा ________" असं लिहिलं आणि 'वापरला जाणारा'ने उत्तर फोडलं. सोनं, तांबं, लोखंड, शिसं, जस्त, कथील, सगळी 'ते'. चांदी 'ती'. आपल्या जुन्या धातूंत 'तो' एकटा पारा. ज्याला रसायन येत नाही पण मराठी येतं, त्यालाही गुण मिळणार. विभक्तीचाही असाच प्रश्न. "मोरचुदाचा निळा रंग ________च्या आयनांमुळे येतो" असं मी लिहिलं. काही मुलांनी 'तांबे' लिहिलं. काहींनी जागेला जोडून वाचत अगदी शुद्ध सामान्यरूप लिहिलं: 'तांब्या'. यंत्राने तांबे स्वीकारलं आणि तांब्या नाकारला, म्हणजे जी मुलं वाक्य नीट पूर्ण करत होती त्यांनाच शून्य. तेव्हापासून मी जागेच्या मागे प्रत्यय लोंबकळत ठेवत नाही. वाक्य फिरवते आणि जागा शक्यतो शेवटी नेते.

आणि शुद्धलेखन! शब्द बरोबर आहे, अक्षरं बरोबर दिसत आहेत, तरी शून्य, असे काही निकाल पहिल्या महिन्यात येत होते. माझा विश्वास बसेना. 'ऑक्सिजन' आणि 'आॅक्सिजन' हे दोन शब्द फोनवर शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले. डोळ्यांना फरक दिसेना. शेवटी दुसऱ्या शाळेतल्या एका संगणक शिक्षकांनी समजावलं. एकात 'ऑ' हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यात 'आ' आणि त्याच्यावर वेगळा टाइप केलेला चंद्र. आपल्याला दोन्ही एक, यंत्राला दोन वेगळे शब्द. त्यात भर म्हणजे, कीबोर्डने सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं की काही फोन त्याच्यामागे आपोआप एक मोकळी जागा सोडतात. ती कुणालाच दिसत नाही, पण उत्तर चुकतं. माझ्या वहीत ऑक्सिजनसाठी आता अकरा बरोबर उत्तरं आहेत. ऱ्हस्व, दीर्घ, दोन्ही 'ऑ', 'प्राणवायू', 'ऑक्सिजन वायू', इंग्रजी अक्षरांतलं वेगळं. इंग्रजी संज्ञांचं तर आणखी वाईट. बरेचसे फोन पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतात आणि दुसरं स्मॉल ठेवतात. मुलाच्या मनात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यासाठी दोन्ही अक्षरं कॅपिटल हवीत. फोनने दुसरं अक्षर स्मॉल ठेवलं की त्याचा कोबाल्ट होतो. ही चूक मुलाची नाही, हे मी त्याला स्वतः फोन करून सांगते. दहावीच्या मुलाला विनाकारण मिळालेलं शून्य फार दिवस टोचत राहतं.

समीकरणं संतुलित करायला दिली तेव्हा वेगळंच झालं. मिथेनच्या ज्वलनाचं समीकरण, चार पदार्थांच्या आधी चार मोकळ्या जागा. उत्तरं क्रमाने १, २, १, २. एका हुशार मुलाला चारपैकी दोनच गुण. बघितलं तर त्याने पहिली आणि तिसरी जागा मोकळीच सोडली होती. सहगुणक एक असेल तर तो लिहायचा नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. त्याने ते पाळलं. त्या दोन जागा रिकाम्या ठेवणं हेच त्याचं उत्तर होतं, आणि रिकाम्या जागेला गुण द्यायची सोय माझ्या फॉर्ममध्ये नव्हती.

मग मी या प्रकाराचा इतिहास शोधत गेले. विल्सन टेलर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ मध्ये मजकुरातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून वाचकाला भरायला लावायची पद्धत मांडली. क्लोझ पद्धत म्हणून ती पुढे जगभर गेली. अपुरी आकृती मनाने पुरी करण्याच्या आपल्या सवयीला इंग्रजीत 'क्लोजर' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने: टेलरने ही पद्धत वाचक किती हुशार आहे हे मोजायला काढलेलीच नव्हती. मजकूर किती सुबोध आहे हे मोजायला काढली होती. लोकांना गाळलेले शब्द भरता आले नाहीत तर तो मजकुराला पडलेला कमी गुण. लिंबाच्या रसाचं शून्य कुणाला पडलं होतं, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ब्रेस्लाउ शहरातल्या शाळकरी मुलांना गाळलेल्या जागांचा मजकूर दिला होता. सलग पाच तासांच्या शाळेने मुलं किती थकतात, हा तिथला प्रश्न होता. हे वाचलं आणि मी माझ्या फॉर्ममधल्या वेळांचा रकाना उघडला. तोवर त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आमच्याकडे बहुतेक घरांत एक फोन, तो वडिलांच्या खिशात. वडील रानातून किंवा कामावरून येणार, त्यांचं जेवण होणार, मग फोन मुलाच्या हाती. दोन भावंडं असतील तर आधी मोठ्याचा नंबर. रात्री साडेदहानंतर आलेली उत्तरं आठच्या उत्तरांपेक्षा आखूड होती, त्यांत जागा जास्त सुटल्या होत्या आणि शेवटचे दोन-तीन प्रश्न कित्येकांनी उघडलेही नव्हते. मी त्याला आळस म्हणत होते. दुसऱ्या दिवसापासून चाचणी वीस जागांची न देता सातची द्यायला लागले, आणि अवघड जागा शेवटी ठेवायची सवय सोडली.

त्या वर्षीची दहावीची बोर्डाची परीक्षा शेवटी रद्दच झाली, २०२१ मध्ये. पण एप्रिलमध्ये आम्ही अजून तयारी करतच होतो. धातूंवरच्या चाचणीत मी लिहिलं, "कक्ष तापमानाला द्रव असणारा धातू म्हणजे ________." एका मुलाचं उत्तर आलं, 'गॅलिअम'. यंत्राने अर्थातच काट मारली. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तो एकोणतीस-तीस अंशाला वितळतो. आमच्या पत्र्याच्या घरात आत्ता चाळीसच्या वर आहे. आमचा कक्ष हाच आहे ना?"

गॅलिअमचा वितळणबिंदू २९.८ अंश सेल्सिअस. सोलापूर जिल्ह्यातल्या एप्रिलच्या दुपारी त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पुस्तकातला 'कक्ष' कुठल्या तरी थंड देशातल्या खोलीचा असतो, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

आणि गॅलिअमच निघावा, याचं मला विशेष वाटलं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये आवर्त सारणीत मूलद्रव्यं मांडली तेव्हा काही जागा त्याने मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. ॲल्युमिनिअमच्या खालच्या मोकळ्या जागेला त्याने नाव दिलं एका-ॲल्युमिनिअम. त्यातलं 'एका' म्हणजे आपल्या संस्कृतातलं 'एक'. रशियन माणसाने रिकाम्या जागेला नाव द्यायला आपला आकडा घेतला, हे सांगितलं की वर्गात दरवर्षी मुलांचे चेहरे उजळतात. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लेकॉक द ब्वाबोद्राँने ते मूलद्रव्य शोधलं, तेच गॅलिअम. त्याने घनता मोजली ती ४.७ आली. मेंडेलीव्हने कळवलं की ती ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना नीट शुद्ध करून पुन्हा मोजा. त्याने पुन्हा मोजली आणि ५.९ आली. ज्याने तो धातू डोळ्यांनी बघितलाही नव्हता त्याचं उत्तर बरोबर निघालं, कारण शेजारची सगळी वाक्यं त्याला पाठ नव्हती, समजलेली होती. पुढे १८७९ मध्ये स्कँडिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअम मिळून आणखी दोन जागा भरल्या.

पण मला मेंडेलीव्हच्या भरलेल्या जागांपेक्षा त्याने न सोडलेली जागा जास्त शिकवून गेली. १८९४ मध्ये आरगॉन सापडला तेव्हा त्याला बसायला सारणीत जागाच नव्हती. मग हेलिअम आला, १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन आले आणि अख्खा एक नवा स्तंभ उभा करावा लागला. एवढ्या मोठ्या माणसालाही तो स्तंभ सुचला नव्हता. मी तर सांगोल्याजवळच्या एका शाळेतली शिक्षिका. माझ्या चौकटीत न बसणारं उत्तर आलं की आता मी आधी माझी चौकट तपासते.

आमच्या तालुक्यात डाळिंब फार. आणि डाळिंब म्हटलं की तेल्या हा रोग आणि तेल्या म्हटलं की त्यावर फवारायचं बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये विरघळवून मग एकत्र ओततात. मिश्रण जमलं की नाही हे बघायला शेतकरी त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मोकळं मोरचूद अजून शिल्लक आहे आणि ते पानं जाळणार. दहावीच्या पुस्तकात ज्याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात ती हीच. लोखंड द्रावणात उतरतं आणि तांबं बाहेर येऊन लोखंडावर बसतं. पुस्तकात परीक्षानळी आणि खिळा असतो, आमच्याकडे बॅरल आणि विळा. ही मुलं ती अभिक्रिया पाचवी-सहावीपासून बांधावर उभं राहून बघत आलेली असतात. तिचं नाव तेवढं त्यांना दहावीत कळतं.

म्हणून मी एक जागा अशी केली: "बोर्डो मिश्रणात बुडवलेल्या विळ्यावर तांबूस थर आला, म्हणजे मिश्रणात ________ कमी आहे." उत्तर 'चुना'.

रात्री अकरा चाळीसला एका मुलाच्या नावावर उत्तर आलं. जागा एका शब्दाची होती आणि त्यात असं लिहिलं होतं: "चुना. पण विळा आदी घासून घ्यावा. गंजलेल्या विळ्यावर कळत नाही. थोडा वेळ बुडवून ठेवावा." यंत्राने शून्य दिलं होतं.

सकाळी मुलाला विचारलं. तो गडबडला. "मी झोपलो होतो मॅडम. पप्पांनी लिहिलं वाटतं. सॉरी."

मी त्याला म्हटलं, सॉरी म्हणू नकोस, पप्पांना विचार गंजलेल्या विळ्यावर का कळत नाही. त्यांनी उत्तर पाठवलं, ते मला माहीत नाही मॅडम, आमचे वडीलही घासूनच घ्यायचे.

त्या वाक्यापुढे मी दुसऱ्या वर्षी आणखी एक जागा जोडली. "विळा आधी घासून घ्यावा, कारण ________." बरोबर उत्तराच्या चौकटीत मी काहीच भरत नाही. ही एक जागा आपोआप तपासली जात नाही, मी जेवण झाल्यावर बसून एकेक वाचते. 'स्वच्छता असावी म्हणून' असं बरेच जण लिहितात. 'लोखंड मिश्रणाला लागलं पाहिजे म्हणून' हे दोन-तीन वर्षांतून एकदा येतं. यंदा एका मुलीने लिहिलं, "कारण गंज चढला की वरचं लोखंड हे लोखंड राहिलेलंच नसतं."